राउटर बंद-चालू केला की नेट येतं, दोन दिवसांनी पुन्हा जातं

घरातली सगळी यंत्रं एकदम आणि पूर्ण बंद पडली तर प्रश्न सोपा असतो. बहुतेक वेळा बाहेरून येणारी लाइनच गेलेली असते. तक्रार नोंदवायची आणि वाट बघायची. डोकं खातं ते दुसरं दुखणं. एका लॅपटॉपवर व्हिडिओ मजेत चालू असतो आणि त्याच खोलीतल्या फोनवर 'कनेक्टेड, नो इंटरनेट' असं येतं. राउटर बंद-चालू केला की सगळं सुरळीत. दोन दिवसांनी पुन्हा तेच, फक्त या वेळी फोन चालतो आणि लॅपटॉप रुसतो.

हे दुखणं मी ओळखीपाळखीच्या घरांत इतक्या वेळा सोडवलंय की पहिला प्रश्न आता ठरून गेलाय: "अलीकडे नवीन काय जोडलंत?" रेंज वाढवायला जुना राउटर लावला, इंटरनेट कंपनीने नवा डबा बसवून दिला, प्रिंटरला कायमचा पत्ता दिला, लॅपटॉपवरून नेट वाटून घेतलं, यातलं एखादं उत्तर सहसा येतंच. एक कनेक्शन अनेक यंत्रांत वाटायचं तर प्रत्येक यंत्राला पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा ओळखीचा आकडा, लागतो, आणि घरात असे पत्ते देणारं यंत्र एकच असावं लागतं. दुसरं कुणी पत्ते द्यायला बसलं की गोंधळ सुरू होतो. हा गोंधळ सतत नसतो, अधूनमधून होतो, म्हणून तो पटकन सापडत नाही.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं काय होतंय ते आधी ठरवा:

- काही यंत्रांवर नेट आहे, काहींवर नाही, आणि कोणत्या यंत्रावर नाही ते बदलत राहतं.
- वायफाय पूर्ण रेंज दाखवतं, पण एकही पान उघडत नाही.
- घरात पाहुणे आले, चार फोन वाढले की नव्या यंत्रांना जोडणीच मिळत नाही.
- काही साइट उघडतात, काही फिरत राहतात.
- कुणी मोठी फाइल पाठवायला घेतली की बाकीच्यांचे व्हिडिओ कॉल तुटतात.
- नेट आहे, पण प्रिंटर किंवा दुसरा संगणक दिसत नाही.
- राउटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

पहिली तीन लक्षणं पत्त्यांच्या गोंधळाची. बाकीच्यांची कारणं वेगळी आहेत, ती ओघात येतील.

राउटर बंद करण्याआधी एक मिनिट थांबा

नेट गेलं की हात आपोआप राउटरच्या स्विचकडे जातो. पण बंद-चालू केल्यावर यंत्रं नव्याने पत्ते मागतात आणि बिघाडाचा पुरावा पुसला जातो. दुखणं वारंवार येत असेल तर ते चालू असतानाच पकडायला हवं.

तीन गोष्टी बघून कागदावर लिहा. एक, कोणत्या यंत्रावर नेट आहे आणि कोणत्यावर नाही. दोन, तारेने जोडलेल्या यंत्रावर काय परिस्थिती आहे. तारेवर नेट असेल आणि फक्त वायफायवर नसेल तर कंपनीला फोन करून उपयोग नाही, दोष घरातच आहे. तीन, दोन्ही डब्यांचे, म्हणजे कंपनीच्या डब्याचे आणि राउटरचे, कोणते दिवे लागलेत, कोणत्या रंगाचे. मोबाइलवर फोटो काढून ठेवला तर उत्तम. सगळं ठीक असताना दिवे कसे दिसतात याचाही एक फोटो काढून ठेवावा, नाहीतर बिघाडाच्या दिवशी तुलना कशाशी करणार?

वीज आणि दिवे

फुकटची तपासणी, म्हणून पहिली. राउटर आपोआप बंद-चालू होत असेल, विशेषतः सगळे घरी असताना, तर संशय अडॅप्टरवर घ्या. अडॅप्टर म्हातारा झाला की दिवे लावण्याइतकी वीज देतो, पण काम वाढलं की कमी पडतो. राउटरच्या पोटाखालच्या लेबलवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर हवेत ते लिहिलेलं असतं. बदली अडॅप्टरचे व्होल्ट अगदी तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, कमी नाही. पिनच्या धन-ऋण खुणेचं चित्रही जुळवा. पिन बसली म्हणजे अडॅप्टर चालेलच असं नाही. १२ व्होल्टच्या राउटरला ९ व्होल्टचा जोडलेला मी अनेक घरांत पाहिलाय. असा राउटर कधी सुरूच होत नाही, कधी सुरू होऊन मध्येच मान टाकतो.

हात लावून राउटर किती तापलाय ते बघा. टीव्हीच्या मागे, कपाटात, दुसऱ्या डब्याच्या डोक्यावर ठेवलेला राउटर तापतो आणि अडखळायला लागतो. जागा बदलायला काही खर्च नाही.

फायबरचं कनेक्शन असेल तर भिंतीवरच्या डब्यावर 'पॉन' आणि 'लॉस' असे दोन दिवे असतात. पॉन स्थिर हिरवा म्हणजे कंपनीशी जोडणी शाबूत. लॉस लाल म्हणजे प्रकाशच पोहोचत नाहीये. लॉस लाल असेल तर पुढचं काही वाचू नका. घरातलं कोणतंही सेटिंग तो दिवा विझवू शकत नाही. कंपनीला फोन करा.

बंद-चालू करायचंच असेल तर क्रम पाळा. सगळं बंद करा, अर्धा मिनिट थांबा, मग आधी कंपनीचा डबा लावा. त्याचे दिवे स्थिर झाले की राउटर, आणि शेवटी संगणक. राउटर आधी उठला तर त्याला वरून पत्ता मिळत नाही, आणि काही राउटर मग बराच वेळ तसेच बसून राहतात.

तारा

तारेचं टोक काढून उजेडात धरा. पारदर्शक क्लिपमधून आठ रंगीत तारा दिसायला हव्यात, प्रत्येक पुढच्या सोनेरी दातापर्यंत गेलेली. बाहेरचं जाड आवरण क्लिपच्या आत घुसलेलं हवं. आवरण बाहेरच संपलं असेल आणि नुसत्या बारीक तारा क्लिपमध्ये जात असतील तर ओढाताणीचा सगळा ताण त्यांच्यावर येतो आणि एखादी कधीतरी सुटते. क्लिपची जीभ मोडली असेल तर केबल बसल्यासारखी वाटते, पण 'टक' आवाज येत नाही. टेबल हललं की ती केसभर मागे सरकते आणि नेट जातं. अधूनमधून नेट जाण्याचं याहून स्वस्त कारण नाही.

यातली एक गंमत सांगण्यासारखी आहे. १०० एमबीपीएसच्या जोडणीला आठपैकी चारच तारा लागतात, नारिंगी आणि हिरव्या जोडीच्या. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, आठही लागतात. त्यामुळे निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार तुटली तरी नेट चालूच राहतं, फक्त वेग १०० वर अडकतो. तुमचा प्लॅन २०० किंवा ३०० चा आहे आणि तारेवरच्या वेग-चाचणीत आकडा दरवेळी ९४-९५ च्या आसपास येतोय? मग कंपनीशी भांडण्याआधी केबल बदलून बघा. केबल चांगली निघाली तर राउटरचं पोर्टच १०० चं असण्याची शक्यता आहे.

आणखी एक: एकाच स्विचच्या (एका तारेवरून अनेक यंत्रं जोडून देणाऱ्या डब्याच्या) दोन पोर्टांत एकाच केबलची दोन्ही टोकं गेलीत का, किंवा दोन डबे दोन-दोन केबलींनी जोडलेत का ते बघा. साफसफाईनंतर लोंबणारं टोक कुणीतरी सद्हेतूने रिकाम्या भोकात खोचतं, आणि सगळं नेटवर्क ठप्प होतं. सगळे दिवे एकाच तालात वेड्यासारखे लुकलुकत असतील तर हाच प्रकार. एक टोक काढलं की काही सेकंदांत शांत.

वायफायचं थोडक्यात

राउटरच्या जवळ उभं राहिल्यावर नेट नीट चालत असेल आणि लांब गेल्यावरच बिघडत असेल तर प्रश्न रेंजचा आहे, पत्त्यांचा नाही. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब जातो पण गजबजलेला असतो. ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच गोंगाट करतात. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतींपुढे लवकर हात टेकतो. २.४ वर चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक निवडा, कारण एकमेकांवर न चढणारे हे तीनच आहेत. शेजाऱ्याला टाळायला ३ किंवा ८ घेतलं तर दोन्हीकडचा त्रास पदरात पडतो.

नेट आहे पण प्रिंटर दिसत नाही, असं असेल तर फोन 'गेस्ट' नेटवर्कवर आहे का बघा. ते नेटवर्क मुद्दामच घरातल्या इतर यंत्रांपासून तोडलेलं असतं. विंडोजवर नेटवर्कचा प्रकार 'पब्लिक' असेल तरी इतरांना तो संगणक दिसत नाही. घरात तो 'प्रायव्हेट' करा.

यंत्राला पत्ता कोणता मिळालाय?

माझ्या मते सगळ्या तपासणीत कामाची अशी हीच. पैसे लागत नाहीत, दोन मिनिटं लागतात, आणि निम्म्याहून जास्त शक्यता इथेच गळून पडतात.

विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजी अक्षरांत 'आयपीकॉन्फिग' टाइप करा, मग एक जागा सोडून तिरकी रेघ (फॉरवर्ड स्लॅश) आणि 'ऑल'. फोनवर वायफायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कच्या नावावर टिचकी मारली की बहुतेक तीच माहिती दिसते. तीन ओळी शोधायच्या: आयपीव्ही४ पत्ता (यंत्राचा स्वतःचा), डिफॉल्ट गेटवे (बाहेर जायचं दार, सहसा राउटरच) आणि डीएचसीपी सर्व्हर (पत्ते देणारं यंत्र). आधी नेट चालू असलेल्या यंत्रावर बघा, मग बंद असलेल्या, आणि दोन्ही शेजारी-शेजारी लिहा.

घरातले पत्ते सहसा १९२.१६८ ने सुरू होतात, कधी १० ने. १७२.१६ ते १७२.३१ हाही खासगी वापराचाच पट्टा. हे तिन्ही १९९६ पासून घरगुती आणि ऑफिसच्या आतल्या नेटवर्कसाठी राखून ठेवलेत. आता तुमच्या कागदावर काय दिसतंय?

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर यंत्राने पत्ता मागितला, कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून त्याने स्वतःच एक ठेवून घेतला. अशा पत्त्यावर इंटरनेट कधीच चालत नाही. मग तार सैल आहे, राउटर अडकलाय किंवा त्याच्याकडचे पत्ते संपलेत.

दोन्ही यंत्रांचा गेटवे एकच असेल आणि तरी एकावर नेट नसेल, तर पुढच्या पिंगच्या तपासणीकडे जा.

गेटवे किंवा डीएचसीपी सर्व्हर वेगवेगळे असतील, म्हणजे एकावर १९२.१६८.१.१ आणि दुसऱ्यावर १९२.१६८.०.१, तर चोर सापडला. पिंग सोडून द्या, 'दोन राउटर' हा भाग वाचा.

पिंग

पिंग म्हणजे दुसऱ्या यंत्राला हाक मारून उत्तर येतं का ते बघणं. त्याच काळ्या खिडकीत 'पिंग' लिहून आधी गेटवेचा पत्ता द्या. उत्तर आलं तर यंत्रापासून राउटरपर्यंतची वाट ठीक. मग ८.८.८.८ ला पिंग करा. हा गूगलच्या सार्वजनिक डीएनएस सर्व्हरचा (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या यंत्राचा) पत्ता आहे, घराबाहेरचा. त्याचं उत्तर आलं तर इंटरनेट चालू आहे, मग ब्राउझर काहीही म्हणो. शेवटी एखाद्या साइटच्या नावाला पिंग करा.

गेटवेलाच उत्तर नाही: तार, वायफाय किंवा पत्ता. गेटवे उत्तर देतो, ८.८.८.८ नाही: राउटरच्या पलीकडे, म्हणजे कंपनीचा डबा किंवा लाइन. ८.८.८.८ उत्तर देतो पण नाव सापडत नाही: डीएनएसचा बिघाड. यातला शेवटचा सोडवायला सर्वांत सोपा. राउटरच्या सेटिंगमध्ये (ब्राउझरमध्ये गेटवेचा पत्ता टाइप केला की हे पान उघडतं) डीएनएस म्हणून ८.८.८.८ आणि १.१.१.१ घाला, की सगळ्या घराला लागू. मात्र राउटरमधला डीएनएस तुम्ही कधी बदललेला नसताना तिथे अनोळखी आकडे दिसले तर सावध व्हा. कुणीतरी राउटरमध्ये शिरून ते बदललेले असू शकतात. राउटरचा ॲडमिन पासवर्ड अजून कारखान्यातून आलेलाच असेल तर तो त्याच दिवशी बदला.

दोन राउटर

आता मूळ दुखण्याकडे.

मागच्या खोलीत रेंज येत नाही म्हणून जुना राउटर बाहेर निघतो. मुख्य राउटरच्या लॅन पोर्टातून (घरातली यंत्रं जोडायच्या भोकातून) केबल आणून त्याच्याही लॅन पोर्टात खोचली जाते. वायफाय दिसतं, नेट चालतं, सगळे खूश. पण जुन्या राउटरला आपण दुय्यम झालोय हे कुणी सांगितलेलं नसतं. तोही पत्ते देत राहतो, आणि प्रत्येक पत्त्याबरोबर 'गेटवे मीच' असंही सांगतो. त्याच्या वॅन पोर्टात, म्हणजे बाहेरची लाइन जिथे जोडतात तिथे, मात्र काहीच नाही. ज्या यंत्राने त्याचा पत्ता घेतला ते भिंतीवर जाऊन आदळतं: रेंज पूर्ण, नेट शून्य. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तसे एका नेटवर्कात दोन डीएचसीपी सर्व्हर राहत नाहीत.

मग हे रोज का होत नाही? यंत्र नव्याने पत्ता मागतं तेव्हा ते सगळ्या नेटवर्कला हाक मारतं आणि सहसा जो आधी उत्तर देतो त्याचाच पत्ता घेतं. आज मुख्य राउटर जिंकला, उद्या जुना. पत्ता मिळाला की तो ठराविक मुदतीचा असतो, अनेक राउटरमध्ये २४ तासांचा, आणि अर्धी मुदत संपली की यंत्र ज्याने पत्ता दिला त्यालाच मुदत वाढवून मागतं. म्हणजे एकदा चुकीच्या दाराशी गेलेलं यंत्र तिथेच अडकतं, बरोबर गेलेलं दिवसेंदिवस चालत राहतं. मुख्य राउटर बंद-चालू केल्यावर यंत्रं पुन्हा हाक मारतात, काही नशिबाने बरोबर लागतात, आणि आपल्याला वाटतं दुरुस्त झालं.

दोन्ही राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ च असेल तर आणखी वाईट. मग गेटवेची ओळ सगळीकडे सारखीच दिसते आणि वरची तपासणी फसते. अशा वेळी 'आर्प', जागा, आडवी रेघ (हायफन), 'ए' असं टाइप करा. गेटवेच्या पत्त्यासमोर दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या दिसतील. तो त्या डब्याचा हार्डवेअर पत्ता, म्हणजेच मॅक पत्ता. राउटरच्या लेबलवरच्या मॅक पत्त्याशी जुळवा. लेबलवरचा शेवटचा आकडा एखाद-दोनने वेगळा असला तरी चालतो, कारण एकाच डब्यातल्या वेगवेगळ्या भागांना लागोपाठचे पत्ते असतात. सुरुवातीच्या तीन जोड्याच वेगळ्या असतील तर बहुधा बोलतोय तो दुसराच डबा.

इलाज असा. जुना राउटर नेटवर्कमधून काढा आणि लॅपटॉप फक्त त्याला तारेने जोडा. त्याचं सेटिंगचं पान उघडून आधी त्याचा स्वतःचा लॅन पत्ता बदला. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या, आणि मुख्य राउटर ज्या टप्प्यात (अमुक ते अमुक आकड्यांत) पत्ते देतो त्या टप्प्यात हा आकडा नाही याची खात्री करा. सेव्ह केल्यावर पान तुटेल, ते तुटणारच. नव्या पत्त्यावर पुन्हा उघडा. मग डीएचसीपी सर्व्हर बंद करा. हा क्रम उलटा केला तर लॅपटॉपला पत्ता मिळणार नाही आणि पान उघडताना दमछाक होईल. शेवटी केबल लॅनमधून लॅनमध्ये जोडा, वॅन रिकामं ठेवा. राउटरमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असा पर्याय असेल तर या सगळ्याऐवजी तो एक निवडलात तरी पुरे.

वॅन पोर्टात केबल घालूनही दुसरा राउटर चालतो, पण मग घरात दोन वेगळी नेटवर्कं होतात. नेट सगळीकडे येतं, मात्र मागच्या खोलीतला प्रिंटर पुढच्या संगणकावरून दिसत नाही. कंपनीच्या डब्याला स्वतःचा राउटर जोडला तरी बहुतेकदा हेच होतं. नुसत्या ब्राउझिंगला आणि व्हिडिओला याने काही फरक पडत नाही. तक्रार नसेल तर हात लावू नका. गेमिंगला किंवा बाहेरून घरचा कॅमेरा बघायला अडचण येत असेल तर कंपनीला डबा 'ब्रिज मोड'मध्ये टाकून द्यायला सांगा, म्हणजे तो स्वतः राउटरचं काम न करता लाइन फक्त पुढे देईल.

पत्ते संपले किंवा दोघांना एकच मिळाला

राउटरच्या डीएचसीपी पानावर सुरुवातीचा आणि शेवटचा पत्ता दिसतो. तो टप्पा (पत्त्यातला शेवटचा आकडा) १०० ते १२० असा असेल तर एकूण २१ यंत्रं. जास्त वाटतात, पण फोन, टीव्ही, घड्याळं, बल्ब, कॅमेरे मोजून बघा. शिवाय आजचे फोन खासगीपणासाठी खोटा मॅक पत्ता वापरतात. नेटवर्क विसरून पुन्हा जोडलं की नवा घेऊ शकतात, आणि जुन्याची जागा मुदत संपेपर्यंत अडून राहते. टप्पा १०० ते २०० करा, प्रश्न मिटतो.

प्रिंटरला हाताने कायमचा पत्ता दिला असेल आणि तो याच टप्प्यातला असेल, तर प्रिंटर बंद असताना राउटर तोच पत्ता एखाद्या फोनला देऊ शकतो. प्रिंटर चालू झाला की दोघांपैकी एक अडखळतो. प्रिंटरला टप्प्याबाहेरचा पत्ता द्या, किंवा राउटरमध्येच त्याच्यासाठी पत्ता राखून ठेवा. मी दुसराच मार्ग घेतो, कारण मग सगळा हिशोब एका जागी राहतो.

संगणकावरून नेट वाटत असाल तर

विंडोजमधली इंटरनेट वाटून देण्याची सोय विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९९ पासून आहे, आणि अजून वापरात आहे. तिचं वागणं लहरी. वाटणाऱ्या संगणकाचा पत्ता आता १९२.१६८.१३७.१ होतो आणि बाकीच्यांना १९२.१६८.१३७ ने सुरू होणारे पत्ते मिळतात. तो संगणक झोपला की सगळ्यांचं नेट जातं, म्हणून आधी पॉवर सेटिंगमधली झोप बंद करा. संगणकावर व्हीपीएन (रहदारी दुसऱ्या सर्व्हरमार्गे वळवणारी सोय) चालू असेल तर तो बंद करून बघा.

संगणक रिस्टार्ट झाल्यावर वाटप थांबतं पण सेटिंगमधली खूण तशीच असते, ही विंडोज १० मधली माहीत असलेली खोड. चार मिनिटं या वाटेने काही रहदारी नसली की ही सेवा बंद होते आणि आपणहून उठत नाही. तात्पुरता उपाय म्हणजे खूण काढायची, ओके, पुन्हा घालायची. 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन इंटरनेट कनेक्शन शेअरिंग 'ऑटोमॅटिक' केल्याने मदत होते. पूर्ण बंदोबस्ताला रजिस्ट्रीतही एक नोंद करावी लागते. रजिस्ट्रीत हात घालायची सवय नसेल तर त्या भानगडीत पडू नका, साधा राउटर घ्या.

आणि हे विसरू नका: वाटप चालू असलेला लॅपटॉप घरच्या स्विचला तारेने जोडला तर तोही पत्ते देऊ लागतो. कुठल्याही यंत्रावर १९२.१६८.१३७ ने सुरू होणारा पत्ता अचानक दिसला तर असा लॅपटॉप शोधा.

एकाने फाइल पाठवली की सगळे अडकतात

इथे बिघाड काहीच नसतो, म्हणून शोधूनही सापडत नाही. डाउनलोड करतानाही 'मिळालं' अशा पोचपावत्या वरच्या दिशेने पाठवाव्या लागतात. एखाद्या फोनने रात्रभरचे फोटो क्लाउडवर चढवायला घेतले की वर जाणारी वाट भरते, राउटरमध्ये रांग लागते आणि सगळ्यांच्या पोचपावत्या त्या रांगेत अडकतात. तपासायला ८.८.८.८ ला पिंग चालू ठेवा आणि फाइल चढवा. एरवी २० मिलीसेकंद दिसणारा आकडा काही शेवर गेला तर हेच कारण. राउटरमध्ये 'क्यूओएस' (कशाला किती वेग द्यायचा ते ठरवायची सोय) असेल तर अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवा. थोडा वेग जातो, पण रांग लागत नाही.

काही साइट उघडतात, काही नाही

डीएनएस ठीक आहे, पिंग ठीक आहे, तरी ठराविक साइट अर्धवट उघडून फिरत राहतात. राउटरमध्ये पीपीपीओई म्हणजे युजरनेम-पासवर्डवाली जोडणी असेल तर 'एमटीयू'चा आकडा, म्हणजे माहितीच्या एका पुडक्याचा कमाल आकार, बघा. साध्या जोडणीत तो १५००. पीपीपीओईत ८ बाइट वेष्टनाला जातात, म्हणून १४९२ हवा. १५०० ठेवला की मोठे पुडके वाटेत गळतात आणि छोटे पोहोचतात.

फॅक्टरी रीसेट

हा शेवटचा उपाय. त्याआधी पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड आणि व्हीलॅनचा आकडा (काही कंपन्या लाइनसाठी देतात तो) असेल तर तो लिहून घ्या, पानांचे फोटो काढा. ही माहिती हातात नसेल तर रीसेटची पिन दाबू नका. बारीक दुखण्याचं मोठं होईल आणि कंपनीच्या माणसाशिवाय नेट येणार नाही. कंपनीचा डबा तर कधीच रीसेट करू नका.

इथे थांबा

पुढच्या गोष्टींत स्वतः खटपट करू नका:

- लॉस दिवा लाल, किंवा फायबरची तार दुमडली, तुटली. टोकात डोळा घालून बघू नका. आतला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. ते जोडायला खास यंत्र लागतं.
- एकच लॅपटॉप तारेने थेट कंपनीच्या डब्याला जोडून, बाकी सगळं काढून टाकूनही नेट येत नाही. दोष घरातल्या नेटवर्कचा नाही. काही कंपन्या जोडणी एकाच मॅक पत्त्याला बांधतात किंवा पीपीपीओई वापरतात, हे मात्र आधी विचारून घ्या.
- जळका वास, फुगलेला अडॅप्टर, वीज कडाडल्यानंतर मेलेली पोर्टं. प्लग काढा. एक पोर्ट गेलं की दुसरं वापरून दिवस ढकलू नका.
- भिंतीतून किंवा विजेच्या पाइपातून गेलेली केबल. ती इलेक्ट्रिशियनचं काम.
- राउटरच्या वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये आहे आणि बाहेरून घरचा कॅमेरा दिसत नाही. कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतेय. तुमच्या बाजूने राउटरच्या सेटिंगमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडून काही होणार नाही. सार्वजनिक पत्ता मागा.

फोन करताना 'नेट स्लो आहे' एवढंच सांगितलंत तर पलीकडून 'राउटर बंद-चालू करा' एवढंच येईल. त्याऐवजी सांगा: थेट तारेने जोडलेल्या एका लॅपटॉपवर गेटवे उत्तर देतो, ८.८.८.८ देत नाही, बिघाड इतके वाजून इतक्या मिनिटांनी सुरू झाला, तेव्हा अमुक दिवा अमुक रंगाचा होता. माणूस घरी आला की तो जायच्या आधी दोन गोष्टी विचारून घ्या: डबा ब्रिज मोडमध्ये आहे की राउटर मोडमध्ये, आणि त्याचं डीएचसीपी चालू ठेवलंय की बंद. उत्तर डब्यावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा.